टीव्हीवर ‘नो सिग्नल’, कापलेल्या कडा, फिकट रंग: ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी हे तपासा

सुमारे तीन आठवडे माझ्याकडे रोज एकच प्रकार चालला होता. रात्री टीव्हीवर सगळं व्यवस्थित दिसायचं आणि सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर ‘नो सिग्नल’. केबल काढून पुन्हा खोचली की चित्र यायचं, पण कधी पूर्ण ४के, तर कधी १०२४ बाय ७६८ ची जाडी अक्षरं, आणि त्या जाड्या अक्षरांच्या दिवशी आवाजही येत नसे. मी कार्ड काढून स्लॉट साफ केला, कार्ड पुन्हा बसवलं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) तीनदा काढून तीनदा टाकला. कार्ड ठणठणीत होतं. गडबड होती ती कार्ड आणि टीव्ही एकमेकांची ओळख करून घेतात त्या सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत. आणि गायब झालेला आवाज हाच त्याचा पुरावा होता, तो मात्र मला फार उशिरा कळला.

तेव्हापासून टीव्हीला जोडलेल्या कार्डांच्या बऱ्याच तक्रारी मी स्वतः हाताळल्या, बहुतेक मित्रांच्या. त्यात कार्डच खराब निघालं असं फार थोड्या वेळा झालं. म्हणून नवीन कार्डाचा विचार करण्याआधी पुढचं सगळं एकदा करून बघा, फक्त एक पथ्य पाळून: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलली आणि चित्र आलं, तर ते कशाने आलं हे कळत नाही. आठवड्याने तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चित्राच्या आधी होणारं बोलणं

कॉम्प्युटर टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या बऱ्याचशा चित्र वाहून नेण्यात अडकलेल्या असतात, पण रोज उठून होणाऱ्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा उरलेल्यांपैकी चार-पाच पिनांत सापडतं. १८ नंबरच्या पिनेवरून कार्ड टीव्हीला ५ व्होल्ट देतं. ते मिळालं की टीव्ही १९ नंबरच्या पिनेवरून ‘मी इथे आहे’ असं कळवतो. याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मग १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून कार्ड टीव्हीच्या आत साठवलेली एक छोटी माहिती वाचतं. तिचं नाव ईडीआयडी. मूळ भाग १२८ बाइटचा आणि टीव्हीत त्याला साधारणपणे आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडलेली. कोणतं रिझोल्यूशन चालेल, किती हर्ट्‌झला चालेल (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं), रंग कोणत्या पद्धतीने पाठवायचे, आवाज घेता येतो का, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

ही माहिती वाचता आली नाही की कार्डाला समोर कोण आहे तेच कळत नाही. मग ते अंदाजाने एखादं कमी रिझोल्यूशन देतं, किंवा काहीच देत नाही. आणि समोर एचडीएमआयचं उपकरण आहे हे सांगणारा मजकूर त्या पुरवणीतच असल्यामुळे, तो हाती लागला नाही तर कार्ड टीव्हीला जुना डीव्हीआय (फक्त चित्र घेणारा) मॉनिटर समजतं आणि आवाज पाठवतच नाही. म्हणजे जाडी अक्षरं आणि गायब आवाज ही जोडी एकत्र दिसली, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. ओळख अर्धवट राहिली आहे.

चित्र कुठपर्यंत येतं?

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. आधी टीव्ही लावा, रिमोटने बरोबर इनपुट निवडा, टीव्ही नीट सुरू होऊ द्या आणि मगच कॉम्प्युटर चालू करा. आता मदरबोर्डचा लोगो दिसतो का, एवढंच बघा.

लोगोही दिसत नसेल तर विंडोज आणि ड्रायव्हर यांना हात लावायचं कारण नाही, ते अजून सुरूच झालेले नाहीत. केबल कार्डाच्याच पोर्टात आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. टॉवर कॅबिनेटमध्ये मदरबोर्डचे पोर्ट वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी असतात आणि कार्डाचे त्यांच्या खाली, आडव्या पट्टीत. मागे हात घालून अंदाजाने केबल खोचताना ती वरच्या पोर्टात जाणं अगदी सहज घडतं, आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तर त्या पोर्टातून कधीच काही येणार नाही. नंतर कार्डाची वीज बघा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, ६ पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५०. पंखा फिरतोय म्हणजे वीज पुरेशी पोचते आहे असं समजू नका. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून ती जोडणी खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवा आणि कार्ड स्लॉटमध्ये सरळ बसलंय का तेही बघा. जड कार्डं पट्टीपासून दूरच्या टोकाकडे किंचित खाली झुकतात.

लोगो दिसतो, विंडोजची गोल फिरणारी खूणही दिसते आणि मग सगळं काळं होतं, असं असेल तर मात्र कार्ड, केबल आणि टीव्ही एका साध्या मोडमध्ये तरी जमवून घेत आहेत. ड्रायव्हर सुरू झाल्यावर जो मोड लावला जातो तो कुणाला तरी झेपत नाही. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून पाहा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि ओळख पुन्हा एकदा होते. त्यानेही काही झालं नाही तर विंडोज आणि पी दाबून चित्र दुसऱ्याच एखाद्या स्क्रीनवर जात नाही ना ते बघा. शेवटी सेफ मोड, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करण्याची सोय. तिथे चित्र आलं तर डीडीयू नावाच्या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, ताजा टाका आणि रिझोल्यूशन खालून वर न्या: आधी १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्‌झ, ते स्थिर झालं की ४के ला ३०, मग ४के ला ६०.

हा क्रम असा का, त्यामागे आकडे आहेत. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ मधून ४के फक्त ३० हर्ट्‌झपर्यंत जातं. २०१३ सालच्या २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, त्यात ४के ६० हर्ट्‌झ बसतं. २०१७ सालच्या २.१ ने ती ४८ गिगाबिटवर नेली, म्हणून ४के १२० हर्ट्‌झ शक्य झालं. पण टीव्हीच्या खोक्यावर २.१ लिहिलेलं असलं तरी चारही पोर्ट तेवढे जलद असतातच असं नाही. बऱ्याच टीव्हीत एक-दोन पोर्टच पूर्ण वेगाचे असतात आणि पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. टॉर्च लावून वाचा.

शिवाय टीव्हीत प्रत्येक पोर्टासाठी वेगळी एक सेटिंग असते. कुणाकडे तिला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ म्हणतात, कुणाकडे ‘इनपुट सिग्नल प्लस’, कुणाकडे ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’. ती बदलली की टीव्ही कार्डाला दाखवायची ईडीआयडीच बदलतो. बंद असेल तर कार्डाला ४के ६० हर्ट्‌झ पूर्ण रंगात चालतं हे कळतच नाही. चालू असेल आणि केबल कच्ची असेल, तर कार्ड टीव्हीच्या शब्दावर विश्वास ठेवून पूर्ण वेगाने चित्र पाठवतं, केबल ते पेलत नाही आणि पडदा काळा. त्यामुळे तपासताना ही सेटिंग आधी बंद करून बघायची. बंद केल्यावर चित्र आलं तर संशय सरळ केबलवर.

आज येतं, उद्या येत नाही

आता माझ्या तीन आठवड्यांकडे येतो, कारण सगळ्यात चिवट त्रास हाच असतो.

टीव्ही रिमोटने बंद केला की तो झोपतो, पण प्रत्येक टीव्हीची झोप सारखी नसते. काही टीव्ही झोपेतही हॉट प्लगची खूण चालू ठेवतात, काही थोड्या वेळाने गाढ झोपेत जाऊन ती काढून घेतात. माझा दुसऱ्या प्रकारचा होता. रात्री दहा मिनिटं टीव्ही बंद करून पुन्हा लावला तर काहीच बिघडत नसे, म्हणून माझा टीव्हीवरचा संशय फिटला होता. रात्रभराच्या झोपेनंतर मात्र कॉम्प्युटर आधी सुरू व्हायचा, त्याला समोर कुणीच दिसत नसे, आणि टीव्ही मागाहून जागा झाला तरी ओळख कधी अर्धवट व्हायची, कधी व्हायचीच नाही. एका सकाळी मी मुद्दाम टीव्ही आधी लावला, त्याचा होम पडदा पूर्ण दिसेपर्यंत थांबलो आणि मग कॉम्प्युटरचं बटण दाबलं. चित्र आलं, आवाजासकट. पुढचे चार दिवस तसंच केलं, चारही दिवस आलं. पाचव्या दिवशी क्रम उलटा केला आणि ‘नो सिग्नल’ परत.

कारण कळल्यावर उपाय तीन होते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्विक स्टार्ट’ किंवा अशाच नावाची सोय असते, ती चालू केली की टीव्ही गाढ झोपत नाही. वीज थोडी जास्त जाते. दुसरं, विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणं. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावर चित्र बरोबर येतं आणि शटडाउन करून चालू केल्यावर बिघडतं, असं तुमच्याकडे होत असेल तर पहिला हात इथेच घाला. तिसरा उपाय म्हणजे ईडीआयडी एम्युलेटर, म्हणजे केबल आणि कार्ड यांच्या मध्ये बसणारा अंगठ्याएवढा जोड. तो टीव्हीची माहिती आपल्याकडे साठवून ठेवतो आणि टीव्ही झोपलेला असला तरी कार्डाला ती देत राहतो. टीव्ही बंद केल्यावर खिडक्या इकडेतिकडे विखुरतात, तोही प्रकार यानेच थांबतो. घेताना तुमचं रिझोल्यूशन आणि हर्ट्‌झ त्याला झेपतात ना, ते पाहा, नाहीतर तोच नवा अडथळा ठरतो. लिनक्सवाल्यांना तो विकत घ्यायचीही गरज नाही. जतन केलेली ईडीआयडीची फाइल थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, देता येते.

मध्ये साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हर (चित्र पुढे पाठवून आवाज स्पीकरला देणारं उपकरण) असेल तर ओळखीच्या या बोलण्यात तिसरा माणूस येतो. कार्डाला दिसते ती त्या रिसीव्हरने पुढे केलेली ईडीआयडी, आणि तो जुना असेल तर टीव्ही कितीही नवा असो, कार्डाला जुन्याच मर्यादा दिसतात. तपासणीपुरता तो बाजूला काढा. कार्डातून थेट टीव्हीत. कायमची जुळणी करताना टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज परत पाठवणारा एआरसी पोर्ट वापरला की चित्राच्या वाटेत तो येतच नाही.

ठिपके, लुकलुक आणि केबल

केबल बिघडल्याचं एक लक्षण एकदा पाहिलं की विसरत नाही. अंधारं दृश्य चालू असतं आणि त्यावर पांढरे ठिपके क्षणभर चमकून जातात, जणू कुणी चिमूटभर मीठ उधळलं. उजळ चित्रात ते चटकन दिसत नाहीत, म्हणून काळं चित्र पूर्ण पडद्यावर लावून दोन मिनिटं बघा. मग बाकी काहीही न बदलता ६० चे ३० हर्ट्‌झ करा. ४के ६० ला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) ५९४ मेगाहर्ट्‌झ लागतो, ३० ला त्याच्या निम्मा, २९७. ओझं निम्म्यावर आल्याबरोबर ठिपके गेले तर दोष केबलचा. तसेच राहिले तर पोर्ट किंवा कार्ड. या एका चाचणीने माझे अनेक तास वाचले आहेत. २.१ च्या जलद पद्धतीत चुका दुरुस्त करण्याची सोय असल्यामुळे तिथे ठिपके सहसा दिसत नाहीत. केबल कमी पडली की पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो.

केबलवर सोन्याचा मुलामा आहे की नाही याने काही फरक पडत नाही. लांबीने मात्र पडतो. २ मीटरच्या आत बहुतेक बऱ्या केबल चालतात, ५ मीटरच्या पुढे निवडून घ्यावी लागते. ४के ६० साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ४के १२० साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं लेबल शोधा. लांब केबल अनेकदा आतून इलेक्ट्रॉनिक किंवा फायबरच्या असतात आणि त्यांना दिशा असते. एक टोक कार्डाचं, दुसरं टीव्हीचं. उलटी लावली तर चित्र येणारच नाही, आणि यात केबल किंवा कार्ड दोघांचंही काही चुकलेलं नसतं.

डिस्प्ले पोर्टातून (कार्डावरचा दुसऱ्या प्रकारचा पोर्ट) एचडीएमआयकडे नेणाऱ्या जोडांचंही तसंच. ते एकाच दिशेने चालतात. साधा पॅसिव्ह जोड कार्डाचाच एचडीएमआय सिग्नल पुढे ढकलतो आणि त्याची धाव जातीनुसार १६५ किंवा ३०० मेगाहर्ट्‌झपर्यंत, म्हणजे १०८० ला ६० किंवा फार तर ४के ला ३०. ४के ६० हवं असेल तर अ‍ॅक्टिव्ह जोड लागतो, जो सिग्नल स्वतः बदलून देतो. कार्डावर एचडीएमआय असेल तर तोच वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कडा कापल्या, अक्षरं पुसट

टास्कबार अर्धा पडद्याबाहेर. याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि हा काचेच्या नळीच्या टीव्हीचा वारसा आहे. त्या नळ्यांत चित्राच्या कडा सरळ येत नसत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलत. सपाट पडद्याला याची काही गरज नाही, तरी बरेच टीव्ही कारखान्यातून तसेच लावून येतात.

इथे बहुतेक जण ग्राफिक्स कार्डाच्या पॅनलमध्ये जाऊन स्केलिंगची पट्टी ओढतात. कृपा करून तसं करू नका. कार्ड चित्र लहान करतं, टीव्ही तेच पुन्हा मोठं करतो, आणि दोनदा ताणलेली अक्षरं कायमची पुसट होतात. सुधारणा टीव्हीत करायची. चित्राच्या आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘१:१’ असं काहीतरी सापडेल. ते लावा आणि कार्डातली स्केलिंगची पट्टी शून्यावर परत आणा. बरोबर झालं का ते बघायला एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशा बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र मूळ आकारात उघडा, विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग तेवढ्यापुरतं १०० टक्क्यांवर ठेवून. सगळीकडे सारखा करडा रंग दिसला तर प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी आहे. कुठे पट्टे किंवा लाटा दिसल्या तर कुणीतरी अजून चित्र ताणतंय.

जुन्या १३६६ बाय ७६८ च्या टीव्हीत हा पट कधीकधी जमतच नाही. १३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून असे बरेच टीव्ही कार्डाला १३६० बाय ७६८ किंवा सरळ १२८० बाय ७२० सांगतात. १३६० मिळत असेल तर तेच घ्या. आणि हर्ट्‌झच्या यादीत ‘इंटरलेस्ड’ (एका वेळी एकाआड एक ओळ दाखवणारा) असलेला पर्याय निवडला गेला असेल तर बारीक आडव्या रेषा थरथरतात, तो बदला.

कडा बरोबर, पट बरोबर, तरी काळ्यावरची लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसतात? मग रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते आहे. ४:२:० या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते, पण रंगाची चार पिक्सेलमागे एकच. सिनेमाला ते पुरतं, अक्षरांना पुरत नाही. कार्डाच्या पॅनलमध्ये आरजीबी किंवा ४:४:४ (दोन्हींत प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग जातो) निवडा आणि टीव्हीत त्या इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ करा. बऱ्याच टीव्हीत नाव ‘पीसी’ केल्याशिवाय पूर्ण रंग दाखवलेच जात नाहीत. एचडीआरसाठी (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) १० बिट रंग हवे असतील, तर ४के ६० ला ४:४:४ सकट ते एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटांत मावत नाहीत. तिथे ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी) पत्करावं लागतं, किंवा डेस्कटॉपच्या कामापुरता एचडीआर बंद ठेवायचा.

काळा रंग करडा दिसणं किंवा अंधारातले बारकावे गिळले जाणं हे मात्र दोन मिनिटांचं काम. टीव्हीच्या जगात काळा १६ आणि पांढरा २३५, कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. कार्ड एका मापाने पाठवतं, टीव्ही दुसऱ्याने वाचतो. दोन्हीकडे फुल (० ते २५५) ठेवा किंवा दोन्हीकडे लिमिटेड (१६ ते २३५). बऱ्याच टीव्हीत ही सेटिंग ‘ब्लॅक लेव्हल’ या नावाने असते.

कार्डच खराब आहे हे कधी म्हणायचं

रेघा, चौकोनी तुकडे, विचित्र रंगाचे पट्टे मदरबोर्डच्या लोगोवर आणि बायोसच्या (विंडोजआधीच्या सेटिंगच्या) पडद्यावरही दिसत असतील, दुसऱ्या मॉनिटरवर दुसऱ्या केबलने तसेच दिसत असतील, आणि कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये लावल्यावरही गेले नाहीत, तर कार्डच गेलं आहे. फक्त एका पोर्टातून चित्र येत नसेल आणि बाकीच्यांतून नीट येत असेल तर तो पोर्ट सोडून द्या, कार्ड चालवा. आणि फक्त संरक्षित सिनेमा लावल्यावरच पडदा काळा होत असेल, तर तो एचडीसीपीचा, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाचा, प्रश्न आहे: मधला जोड, स्प्लिटर किंवा रिसीव्हर काढून थेट जोडून बघा.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण विचारताना कार्डाचं आणि टीव्हीचं मॉडेल, टीव्हीचा कोणता पोर्ट, केबलची लांबी, मध्ये कोणता जोड आहे, लोगो दिसतो की नाही, आवाज येतो की नाही आणि रीस्टार्टने फरक पडतो का, एवढं लिहा. त्यातलं आवाजाचं विसरू नका.